घराच्या डोक्यावरची कर्जं: आधी कुठलं फेडायचं आणि खर्च नेमका कुठे कापायचा?

खतावणी

पगार आला की हप्ते जातात, उरलेल्यात महिना ओढायचा आणि कमी पडलं की कार्ड घासायचं. हे चक्र ज्या घरांत सुरू आहे त्यांच्यासाठी हा धागा. "बाहेरचं खाणं बंद करा" छापाचे सल्ले ढिगाने मिळतात, ते इथे नकोत. आकडे मांडून बोलू. नियम भारतातले, काही ठिकाणी खास महाराष्ट्रातले.

चर्चेसाठी एक नमुन्याचं घर घेऊ. दोघांचा मिळून हातात येणारा पगार ७२,०००. देणी अशी:

क्रेडिट कार्डाची थकबाकी १,१०,०००, व्याज महिना ३.५ टक्के, दरमहा फक्त किमान रक्कम भरली जाते (५ टक्के धरली तर ५,५००).
वैयक्तिक कर्ज ३,२०,००० शिल्लक, स्थिर दर १४ टक्के, ३६ हप्ते बाकी, हप्ता १०,९३७.
सोनेतारण १,५०,०००, १०.५ टक्के, मुद्दल आणि व्याज वर्षाअखेर एकरकमी.
गृहकर्ज २२,००,०००, बदलता दर ८.५ टक्के, १८० हप्ते बाकी, हप्ता २१,६६४.
मोबाइलचा 'नो कॉस्ट' हप्ता २,५००, सात बाकी.

म्हणजे ४०,६०१ दर महिन्याला बाहेर, आणि त्यात सोनेतारणाची तरतूद धरलेलीच नाही. हातात ३१,३९९.

आता कार्डाकडे बघा. १,१०,००० वर साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,८५०. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो ६९३. एकूण ४,५४३. भरले ५,५००, म्हणजे मुद्दलातून गेले जेमतेम ९५७. किमान रक्कम शिलकेच्या टक्केवारीत असल्यामुळे शिल्लक घटली की तीही घटते. याच गतीने निम्मी थकबाकी उतरायला ७९ महिने लागतात, आणि तेही या साडेसहा वर्षांत कार्डावर एक रुपयाही नवा खर्च केला नाही तर.

अर्धा_कप

एक शंका. समजा बोनसचे एक लाख हातात आले. गृहकर्जात टाकले तर कॅलक्युलेटर सांगतो की जवळपास १६ हप्ते कमी होतात आणि सुमारे २ लाख ३८ हजार व्याज वाचतं. एवढा मोठा फायदा कार्डात कुठे आहे? घरोघरी हाच प्रश्न निघतो म्हणून विचारतेय.

दशांश

तो २ लाख ३८ हजारांचा आकडा खरा आहे, पण फसवा. तो पंधरा वर्षांच्या शेवटी मिळतो: हप्ता क्रमांक १६५ ते १८० भरावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. त्या एक लाखावर तुमची कमाई वर्षाला साडेआठ टक्केच. मुदत लांब म्हणून रक्कम फुगलेली दिसते.

तेच एक लाख कार्डात भरले तर पुढच्याच महिन्यापासून ४,१३० रुपये व्याज-जीएसटी थांबतो. वर्षाचे ४९,५६०. दोन बचतींची तुलना करताना "एकूण किती व्याज वाचलं" हे मोजूच नका, "एका रुपयामागे वर्षाला किती वाचलं" हे मोजा. त्या हिशेबाने क्रम सरळ लागतो: कार्ड ४९.५६, वैयक्तिक १४, सोनं १०.५, घर ८.५. मोबाइलचा हप्ता शून्याच्या जवळ, त्याला हात लावू नका, मुदतीने संपू दे.

खतावणी

'नो कॉस्ट' अगदी शून्य नसतो हे मात्र नोंदवतो. कार्डावर घेतला असेल तर व्याज लावलं जातं आणि तेवढीच सूट किमतीत दिली जाते. ३०,००० चा फोन सहा हप्त्यांत, दर १५ टक्के: मूळ कर्ज २८,७३०, व्याज १,२७०. व्याजाची सूट मिळाली तरी त्यावरचा जीएसटी २२९ तुमच्याच माथी, वर प्रक्रिया शुल्क १९९ धरलं तर जीएसटीसह २३५. घेऊन झाला असेल तर सोडून द्या, पुढचा घेताना हे धरा. आणि रोखीने घेणाऱ्याला दुकानदार वेगळी सूट देतो का, तेही विचारायचं. तीच खरी किंमत.

उंबरठा

'जास्त व्याज आधी' हे कागदावर बरोबर. पण ज्या घरात बोनस वगैरे काही येत नाही तिथे एक लाख आणायचे कुठून? तिथे आधी महिन्याचा श्वास मोकळा करावा लागतो. म्हणून लहान कर्ज आधी संपवून एक हप्ता कायमचा बंद करायचा, या मार्गाला सरसकट नावं ठेवू नयेत. दोन कर्जांच्या दरात दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर मी तरी लहानच आधी संपवायला सांगेन. कार्ड मात्र या वादात येतच नाही, ते नेहमी पहिलं.

तारण_मोकळं

पैसे आणायला एक जागा आहे, सोन्याची. तारण ठेवलं त्या दिवशीच्या भावावर कर्ज दिलेलं असतं. मधल्या काळात भाव वाढला असेल तर त्याच दागिन्यांवर वाढीव रक्कम मिळते. त्यातून १,१०,००० काढून कार्ड एका दिवसात शून्यावर आणायचं. महिन्याचा बोजा ४,५४३ वरून ९६३ वर येतो.

आता खरी मेख. तेच ५,५०० जे कार्डाला जात होते ते दर महिन्याला या वाढीव रकमेवर भरत राहिलात तर ती साधारण २२ महिन्यांत संपते. कार्डावर तेवढ्याच हप्त्याने निम्मंही उतरत नव्हतं. सोनेतारण एकरकमी असलं तरी मधे कधीही पैसे भरता येतात, काउंटरवर किंवा अॅपवर. पण ते आपोआप कापले जात नाहीत, म्हणून पगाराच्या दुसऱ्या दिवशी जाईल अशी स्थायी सूचना बँकेत लावून ठेवा. नाहीतर वर्षअखेरीला व्याज तेवढं भरून नूतनीकरण होतं, मुद्दल जिथल्या तिथे.

काय चुकतं ते सांगतो:

सगळे दागिने एकाच खात्यावर ठेवले जातात. मग शेवटचा रुपया फिटेपर्यंत एकही दागिना सुटत नाही. ठेवतानाच दोन किंवा तीन वेगळी खाती करून घ्या: बांगड्या एक, गंठण एक. लहान खातं आधी फेडून तेवढा दागिना मोकळा करता येतो.

वजनाच्या पावतीत एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं लिहिलेलं असतं. खडे, लाख, मोती यांचं वजन वजा होतं. काउंटरवरच तपासा, घरी येऊन नाही.

आणि मुदत टळली तर लिलावाची नोटीस येते. लिलाव झाला तरी देणं वळतं करून उरलेली रक्कम कर्जदाराची असते, ती मागून घ्यायची असते. बरेच जण दागिना गेला म्हणून तिकडे फिरकतच नाहीत.

उंबरठा

हे लिहिताना धोकाही लिहायला हवा होता. कार्ड विनातारण आहे. उद्या नोकरी गेली तर कार्डवाले फोन करतील, पण दागिना जाणार नाही. तुम्ही विनातारण देणं तारणी करून देताय. उत्पन्न डळमळीत असेल, धंदा हंगामी असेल, तर हा मार्ग नको. शिवाय दागिना जिचा आहे तिची राजीखुशीची संमती हवी. "ठेवूया ना, सोडवून आणू" एवढ्यावर भागत नाही.

तारण_मोकळं

मान्य. पगार बांधलेला असेल तरच. आणि कार्ड शून्य झाल्याबरोबर मर्यादा कमी करून घ्या, पगाराच्या चतुर्थांशावर. मर्यादा मोकळी राहिली की सहा महिन्यांत सोन्याचंही देणं आणि कार्डाचंही.

दशांश

सोनं नसेल किंवा ठेवायचं नसेल तर कार्डाची थकबाकी हप्त्यांत बदलून घेणं हा दुसरा मार्ग. १६ टक्के, १८ महिने धरले तर १,१०,००० ला हप्ता ६,९१४, अधिक व्याजावर जीएसटी (पहिल्या महिन्यात २६४, मग घटत जाणारा), अधिक एकदाच प्रक्रिया शुल्क. किमान रकमेपेक्षा चौदाशेच जास्त, पण दीड वर्षात विषय संपतो.

इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, थकबाकीचा काही भागच बदलून मिळतो आणि उरलेला जुन्या दराने फिरत राहतो. तो भाग त्याच महिन्यात भरा. दोन, जोवर बिल पूर्ण भरलं जात नाही तोवर नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज चालू. म्हणून थकबाकी असलेल्या कार्डावर दुधाची पिशवीसुद्धा घेऊ नका. "बिल यायला अजून महिना आहे" हा हिशेब त्या कार्डाला लागू नाही.

अर्धा_कप

वैयक्तिक कर्जाचं काय? ते मुदतीआधी बंद केलं तर दंड लागतो म्हणतात.

दशांश

बदलत्या दराच्या कर्जावर, व्यक्तीच्या नावे आणि घरगुती कारणासाठी असेल तर, बँकेला मुदतपूर्व फेडीचं शुल्क लावता येत नाही. म्हणून गृहकर्जात कधीही भरा. वैयक्तिक कर्ज मात्र बहुधा स्थिर दराचं असतं, त्यावर करारात लिहिलेलं शुल्क लागतं. ४ टक्के आणि त्यावर जीएसटी म्हणजे ४.७२ टक्के धरू.

नमुन्यातल्या कर्जाला आज ३६ हप्ते बाकी आहेत, त्यात अजून ७३,७३२ व्याज जायचं आहे. शुल्क १५,१०४. बंद करण्यात अर्थ आहे. पण शेवटी शेवटी बघा: सात हप्ते उरले असताना शिल्लक मुद्दल ७३,१०८, उरलेलं व्याज ३,४५१, आणि शुल्कही ३,४५१. तिथून पुढे बंद करणं म्हणजे तोटाच. "थोडंच राहिलंय, टाकू उडवून" हा मोह तेव्हाच होतो. त्याऐवजी ते पैसे पुढच्या कर्जावर टाका.

खतावणी

आता खर्चाची बाजू. माझं म्हणणं जरा वेगळं आहे: कार्डाचं देणं रोजच्या खर्चातून क्वचितच होतं. ते होतं वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांतून. या घराचे असे खर्च मांडा. शाळेची फी आणि जूनची वह्या-पुस्तकं ४८,०००, विम्याचे हप्ते २६,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग १०,०००, घरपट्टी ६,०००, गणपती आणि दिवाळी १८,०००. बेरीज १,०८,०००. कार्डावर किती थकलंय? १,१०,०००.

हे खर्च अचानक येत नाहीत, त्यांच्या तारखा माहीत असतात. पण महिन्याच्या अंदाजपत्रकात त्यांना रकाना नसतो. मग जूनमध्ये कार्ड, ऑक्टोबरमध्ये कार्ड. तरतूद करायची तर महिन्याला ९,०००. ३१,३९९ मधून ९,००० गेले की घर चालवायला २२,३९९ उरतात. हाच त्या घराचा खरा आकडा आहे. बाकीचं सगळं उसनं.

ते ९,००० वेगळ्या बचत खात्यात ठेवायचे, ज्याचं डेबिट कार्ड आणि यूपीआय जोडलेलं नाही. आवर्ती ठेव नको, मोडायला जावं लागतं. आणि तरतूद सुरू करायची वेळ मार्च-एप्रिल नव्हे. जूनची फी अंगावर असताना सुरू केली की दोन महिन्यांत खातं रिकामं होतं आणि माणूस वैतागून सोडून देतो. जुलैपासून करा, पहिला खर्च गणपतीचा, तो लहान असतो.

अर्धा_कप

२२,४०० मध्ये चौघांचं घर? वीज, गॅस, किराणा, दूध, पेट्रोल, सोसायटी. कठीण आहे.

खतावणी

कठीण आहेच. म्हणून कर्जाचे हप्ते हलवल्याशिवाय नुसत्या काटकसरीने हे घर सुटत नाही, एवढंच दाखवायचं होतं. वाण्याच्या यादीतून फार तर दोन हजार निघतील.

मीटररीडर

विजेत निघतात, पण लोक चुकीच्या जागी शोधतात. चार्जर काढून ठेवणं, टीव्हीचा लाल दिवा वगैरे किरकोळ. घरात बारा-चौदा तास काय चालतं? पंखे. जुना पंखा ७५ वॅट, बीएलडीसी (नव्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. ४५ वॅट गुणिले १४ तास गुणिले ३० दिवस म्हणजे एका पंख्यामागे १८.९ युनिट. तीन पंखे, ५७ युनिट.

आता हे युनिट कुठल्या टप्प्यातून कमी होतात ते बघा. महावितरणचे घरगुती टप्पे ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. ३०० ओलांडले की सगळे युनिट महाग होतात हा गैरसमज आहे, वरचे तेवढेच महाग दराने लागतात. पण बचत नेहमी वरच्याच टप्प्यातून कापली जाते. वहन आकार (वीज पोचवण्याचा, बिलात वेगळा असतो) धरून युनिटला १२ रुपये धरले तर महिन्याला ६८४.

तीन पंखे प्रत्येकी २,८०० धरले तर ८,४००. पंखे वर्षातले आठच महिने जोरात चालतात असं धरलं तरी ५,४७२ परत, म्हणजे वर्षाला ६५ टक्के. कार्डाच्या ४९ पेक्षा जास्त! म्हणजे हातात ८,४०० असतील तर कार्डात भरण्यापेक्षा पंख्यांत घालणं हिशेबाने सरस. वापर १०० युनिटच्या आत असेल तर मात्र हे गणित बसत नाही, तिथला दर निम्म्याच्या आसपास असतो.

बसवताना जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा. तो तसाच ठेवून पंखा लावला की गती कमीजास्त होते, पंख्याचा बोर्ड जळतो आणि वायरमन म्हणतो "कंपनीच खराब".

गिझरबद्दल एकच: १५ लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं, ते कुणालाच टळत नाही. वाया जातं ते बटण चालू ठेवून टाकी पुन्हा पुन्हा तापण्यात. लागोपाठ अंघोळी करणं हाच उपाय.

पावती_ठेवा

किराण्यात लक्ष ठेवायची जागा तेल. डबे दिसायला सारखे, पण एक १५ किलोचा असतो आणि एक १५ लिटरचा. एक लिटर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलोच. १५ किलोच्या डब्यात साडेसोळा लिटर येतं. भाव विचारताना "डबा केवढ्याला" नाही, "किलो केवढ्याला पडतं" असं विचारा. पाकिटांवर आता दर ग्रॅमची किंवा दर मिलीलीटरची किंमत छापावी लागते. बारीक अक्षरात असते, पण असते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असं नाही, हे त्या आकड्यावरून लगेच कळतं.

दुसरी जागा स्वयंचलित कपात. यूपीआय अॅपमध्ये 'ऑटोपे' असा विभाग असतो, त्यात चालू असलेले सगळे आदेश एका यादीत दिसतात. कार्डावरचे वेगळे, ते कार्डाच्या अॅपमध्ये. १५,००० पर्यंतची आवर्ती कपात ओटीपीशिवाय होते, पण आदल्या दिवशी सूचना यावीच लागते. ती सूचना जाहिरात समजून पुसली जाते, इथेच गळती. अॅप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही, आदेश रद्द करावा लागतो.

तिसरी, हप्ता परत जाण्याचा (बाउन्स होण्याचा) दंड. पगार ७ तारखेला आणि हप्ता ५ तारखेला असेल तर दर एक-दोन महिन्यांनी हप्ता परततो. तुमची बँक शुल्क लावते, कर्ज देणाराही लावतो, दोन्हींवर जीएसटी. कर्ज देणाऱ्याला लेखी अर्ज करून हप्त्याची तारीख १० करून घ्या. बहुतेक ठिकाणी होतं. आणि २०२४ पासून हा दंड मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही. खातेउताऱ्यात तसं दिसलं तर लेखी हरकत घ्या.

उंबरठा

विमा कापू नका, हेही कुणीतरी लिहा. अडचणीत आलं की घरात पहिली कुऱ्हाड आरोग्य विम्यावर पडते.

खतावणी

हो. मुदत विमा आणि आरोग्य विमा राहू दे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी निघाला आहे, नूतनीकरणाच्या पावतीत तो कापून आलाय ना बघा. बचत-विमा मिश्र पॉलिसी जड होत असतील तर त्यांचा हप्ता थांबवून पॉलिसी 'पेड-अप' (पुढे हप्ता न भरता, कमी रकमेवर चालू) करता येते का ते विचारा. मोडून टाकण्यापेक्षा बऱ्याचदा बरं. पीपीएफ मोडू नका, तिसऱ्या ते सहाव्या वर्षात त्यावर कर्ज मिळतं, व्याज खात्याच्या दरापेक्षा फक्त एक टक्का जास्त, फेड ३६ महिन्यांत.

अर्धा_कप

गृहकर्जावर कुणीच बोललं नाही. ८.५ आज जास्त नाही का?

दशांश

जास्तच आहे. रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) २०२५ च्या सुरुवातीला ६.५० होता, डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. रेपोला जोडलेलं कर्ज असेल तर तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावाच लागतो, म्हणजे एवढी घट तुमच्यापर्यंत पोचायला हवी. पोचली नसेल तर तीनपैकी एक कारण असतं. कर्ज १ ऑक्टोबर २०१९ च्या आधीचं आणि जुन्या एमसीएलआर पद्धतीवर (बँकेच्या स्वतःच्या निधीच्या खर्चावरून दर ठरतो ती) आहे. किंवा कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं आहे, त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मापाला जोडलेला असतो. किंवा घेताना रेपोवरचा फरकच जास्त लावला होता.

तिन्ही बाबतीत उपाय एकच: दर बदलून देण्याचा लेखी अर्ज. थोडं रूपांतर शुल्क लागतं. आकडा बघा. ८.५ चे ७.७५ झाले तर २२ लाखांचा हप्ता २१,६६४ वरून २०,७०८. महिन्याला ९५६. हप्ता तोच ठेवला तर १८० ऐवजी १६६ महिन्यांत कर्ज संपतं.

दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात, चढला की मुदत वाढवतात. २०२२-२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५० वर गेला तेव्हा कित्येकांची मुदत न कळत पाच-सहा वर्षांनी लांबली. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी लागते. खातेउताऱ्यात 'उर्वरित मुदत' हा रकाना असतो, वर्षातून एकदा तरी तो वाचा.

नमुन्याच्या घराला मी सध्या हप्ता कमी करून घ्यायला सांगेन, मुदत नव्हे. ते ९५६ कार्डात. कार्ड संपल्यावर हप्ता पुन्हा वाढवून मागायचा.

उंबरठा

एक वेगळा प्रश्न. ओळखीच्या माणसाकडून शेकडा पाचने घेतलेले पैसे या क्रमात कुठे बसतात?

पावती_ठेवा

शेकडा पाच दरमहा म्हणजे वर्षाला ६०. कार्डाच्याही वर. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली परवानाधारक सावकारालाही बिगरशेती कर्जावर वार्षिक १५ टक्के तारणी आणि १८ टक्के विनातारण एवढीच मुभा आहे, शेतीसाठी ९ आणि १२. परवाना नसेल तर तो व्यवसायच बेकायदा. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे.

व्यवहारात हे लोक कोरा धनादेश किंवा सही केलेला मुद्रांक ठेवून घेतात. तो धनादेश वटला नाही तर कलम १३८ चा (धनादेश न वटल्याचा फौजदारी) खटला तुमच्यावर. म्हणून इथे पहिलं काम: आजवर दिलेली प्रत्येक रक्कम तारखेसह लिहून काढा, इथून पुढे रोख देणं बंद, खात्यातूनच द्या. फेड झाली की धनादेश आणि मुद्रांक हातात घेतल्याशिवाय शेवटची रक्कम देऊ नका.

आणि पतसंस्थेचं कर्ज असेल तर जामीनदाराचा विचार आधी. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला दोघांवरही निघतो. दर १३ टक्के आणि वैयक्तिक कर्ज १४ टक्के असेल तरी पतसंस्थेचा हप्ता आधी. मेहुण्याच्या पगारावर जप्ती आली तर एक टक्का वाचवल्याचं समाधान कुणाला सांगणार?

तारण_मोकळं

हे पटलं. इथे दरापेक्षा नातं महाग.

वसुलीच्या फोनबद्दल: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. नोंद ठेवा, आधी त्याच संस्थेकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटणारं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रारीला शुल्क नाही.

अर्धा_कप

कर्ज फिटल्यावर काय काय मागायचं असतं? यादी मिळाली तर बरं.

पावती_ठेवा

गृहकर्ज: पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यावी लागतात, उशीर झाला तर दिवसाला ५,००० भरपाई. कर्ज घेताना जमा कागदांची यादी दिलेली असते, ती समोर धरून एकेक कागद टिकमार्क करून घ्या. सेरसाईतला (तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतला) बोजा काढल्याचंही विचारा.

वैयक्तिक कर्ज: ना-देय दाखला, आणि हप्त्याचा स्वयंचलित आदेश रद्द केल्याची खात्री. बंद झालेल्या कर्जाचा हप्ता कापला गेला असं होतं, परत मिळायला आठवडे जातात.

कार्ड: बंद करण्याच्या अर्जावर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला ५०० दंड, अर्थात थकबाकी शून्य असेल तर. तडजोड करून कमी रकमेत मिटवलं तर पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) 'सेटल्ड' येतं, 'क्लोज्ड' नाही. पुढचं कर्ज देणारा तेच बघतो. शक्य असेल तर उरलेली रक्कम भरून शेरा बदलून घ्या.

पतअहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, अशा चार कंपन्या आहेत. एकदम चारही काढू नका, तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसत असेल तर त्या कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्याकडे दोन्हीकडे दुरुस्ती मागा. ३० दिवसांत झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. अर्ज केल्याची तारीख मात्र तुमच्याकडे लेखी हवी.